कोपरावरची तीट

गाव सोडताना

माझी पिठाची गिरणी आहे. जन्मभर पट्ट्याच्या खडखडाटात बोलले, त्यामुळं माझा आवाज मोठा आहे, आणि लिहितानाही तो बारीक होईल असं वाटत नाही. ज्याला हे भांडण वाटेल त्यानं खुशाल वाटून घ्यावं. ओडिशाला जाऊन आल्यापासून दळण टाकायला येणारी प्रत्येक बाई एकच विचारते, "मंगल, कसं हाय गं तिकडं? पोरीला सोडून येववलं कसं तुला?" दर बाईला पहिल्यापासून सांगता सांगता परवा एकीची ज्वारी दुसरीच्या बाजरीत गेली. म्हटलं, आता लिहूनच काढावं.

रुतुजा ही आमची थोरली. नौदलात अग्निवीर म्हणून तिची निवड झाली आणि ओडिशात चिलका सरोवराच्या काठी शिक्षणाला हजर व्हायचं बोलावणं आलं. आमचं गाव शेवगावपासून आत, कोरड्या अंगाला. पाऊस रुसला की टँकर, आणि टँकर रुसला की देव. बातमी कळल्यावर पहिले आले ते तात्या. तात्या म्हणजे माझे भाया, यांचे थोरले भाऊ. गिरणीच्या दारात उभं राहून म्हणाले, "टँकरच्या पान्यावर वाढलेली पोरगी समुद्रात जाऊन काय दिवं लावनार?"

भायासमोर बाईनं आवाज चढवू नये असं म्हणतात. पण गिरणी चालू होती, चढवावाच लागला. म्हटलं, "तिथं दीपगृह असतंय तात्या. त्यातला लावील."

पोहायला तिला यांनी शिकवलं होतं, मळ्यातल्या विहिरीत, पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधून. विहिरीला पाणी असायचं तेवढ्या महिन्यांतच ती शिकली. उरलेलं वर्ष ती कोरड्या विहिरीच्या काठावर बसून हात मारायची, आणि बघणारे हसायचे. हसा म्हणावं.

सगळं सुरळीत चाललेलं, आणि निघायच्या आधीच्या बाजारात घोड्यानं पेंड खाल्लीच. माझी नणंद सुभद्राक्का रुतूला घेऊन शेवगावच्या बाजाराला गेली. आक्काला पोरबाळ नाही, रुतूवर तिचा जीव. आक्काचे दोन्ही हात गोंदणानं भरलेले आहेत. माझ्याही कपाळावर आणि हनुवटीवर एकेक टिकला आहे, आईनं लहानपणी मला धरून बसवून गोंदवलेला. आक्काचं म्हणणं, "पोरगी पान्यावर चालली. सोनं घालून दिलं तर तिथं काढाया लावत्याल. गोंदन कोन काढतंय? मेल्यावर सुदिक तेवढंच बरूबर येतं."

रुतूला नियम पाठ होता. नौदलात गोंदण चालतं, पण कोपरापासून मनगटापर्यंत, हाताच्या आतल्या अंगाला. दुसरीकडं कुठं असलं तर घरी बसा. म्हणून तिनं आत्याचं मन राखायला आतल्या बाजूला एक लहानशी तुळस काढून घ्यायचं कबूल केलं. सुई टोचायला लागली तशी आक्कानं तिचा हात वाकवून धरला, आणि पोरीनं डोळे मिटून तोंड फिरवलं. तुळस झाली. तेवढ्यात आक्का गोंदणारणीला म्हणाली, "बाई, वर एक तीट मार गं. नजर नगं लागाया."

तान्ह्या बाळाच्या गालाला काजळाची लावतात तीच तीट. फक्त ही पुसायची नाही. आणि 'वर' म्हणजे त्या बाईनं खरोखरच वर मारली, कोपराच्या वर, दंडाच्या सुरुवातीला. मोहरीएवढा हिरवा ठिपका.

भरतीची तयारी करून घेणाऱ्या मास्तरांना फोन लावला. ते म्हणाले, "तुळशीचं काही नाही. पण त्या ठिपक्याचं आता सांगता येत नाही. तिथं शेवटचं मेडिकल होतं, त्यात डॉक्टर काय म्हणतील ते खरं." म्हणजे धावणं झालं, परीक्षा झाली, पहिलं मेडिकल झालं, आणि सगळं येऊन एका तिटीवर अडलं. आक्काला मी बोलले नाही असं नाही. बोलले. सगळ्या गल्लीनं ऐकलं. आक्का पदर तोंडात घालून रडत राहिली आणि एकच म्हणत राहिली, "नजर नगं लागाया म्हून केलं गं."

मग आल्या सल्ला देणाऱ्या. एक म्हणाली चुना लाव. दुसरी म्हणाली बिब्ब्याचं तेल लाव, कातडी जळंल अन् ठिपका बी जाईल. मी म्हटलं, "चांगल्या हाताला डाग द्यायला ती काय चोर हाय?" तात्यांना तर उकळ्याच फुटत होत्या. "आता कशाला फुकटचा हेलपाटा? माझ्या बघण्यात एक स्थळ हाय. आन् जायचंच आसंल तर येतानाचं तिकीट दोघींचं काढा."

"हेलपाटा माझ्या पायाचा हाय," मी म्हटलं, आणि येतानाचं तिकीट एकटीचं काढलं.

हे घरी राहिले, चार गायांना कोण बघणार? यांनी रुतूच्या पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगानं तिचं नाव काढून दिलं. बोलणं यांना पहिल्यापासून जमत नाही. एसटी हलली तरी हे खिडकीला हात लावून चालत होते. आक्का शेवटपर्यंत दिसली नाही असं वाटलं, तर फाट्यावर उभी. एसटी थांबवून तिनं धपाट्यांचा डबा आत दिला आणि माझ्याकडं न बघता मागं फिरली.

रेल्वेत

दौंडला भुवनेश्वरची गाडी धरली. रेल्वेच्या प्रवासाचं मी लिहीत बसत नाही, बसायचं आणि बसायचं, एवढंच असतं ते. पण समोरच्या गृहस्थाचं सांगते. सोलापूरच्या पुढं कुठंतरी चढला. पत्र्याची पेटी, नारळ, रुतूच्या कपाळावर हळदकुंकू बघून त्याला वाटलं, नवरी पोचवायला चाललेत. "शादी है?" त्यानं विचारलं.

"शादी नहीं, नौदल," मी म्हटलं. त्याला नौदल कळेना. मी हातानं लाटा करून दाखवल्या आणि सलाम ठोकला. तो जरा बाजूला सरकून बसला. मग रुतूनं सांगितलं, "नेव्ही, अंकल." तेव्हा त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी पोर विकायला काढली. "लडकी को पानी में भेजते हो?"

माझं हिंदी गिरणीतून गेलेल्या पिठासारखं, जाडंभरडं. पण म्हटलं, "चूल के सामने लडकी को जिंदगीभर आग में बिठाते, तब कोई पूछता नहीं. पानी का बोले तो सब पूछते." तो हसला. नंतर त्यानं आक्काचं धपाटं मागून खाल्लं आणि शेंगदाण्याच्या चटणीनं त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाण्याची भीती त्याला तिथंच दाखवली.

आपल्यासारखी काळी जमीन आणि कपाशी बरीच लांबपर्यंत सोबतीला होती. आंध्रात शिरलं तशी ताडाची झाडं आणि भाताची खाचरं. माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून शेत करतात. आपल्याकडं पीक पाणी मागतं, तिकडं पीक पाण्यातच उभं. मला राग आला. इतकं पाणी एकाच ठिकाणी द्यायचं काय कारण होतं?

रुतूचं लक्ष बाहेर नव्हतंच. ती अंगठ्यानं ती तीट घासत होती. नकळत चाललेलं असेल, पण सकाळी कोपराजवळ लालभडक झालं होतं. मी हातावर एक चापट दिली. "घासून गोंदन गेलं असतं तर आक्का जन्मभर काय करत बसली असती? ठेव हात खाली."

"आई, परत पाठवलं तर?"

"तर परत जाऊ. गाव काय खातंय का आपल्याला?"

असं म्हणाले खरं. पण गाव खातं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तात्या एसटी स्टँडवर बसून असणार, आम्ही दोघी उतरताना बघायला. मला त्या चित्राची इतकी चीड आली की मी चहावाल्याला थांबवून दोन चहा घेतले आणि दोन्ही मीच प्याले.

उतरायचं स्टेशन जवळ आलं आणि उजव्या अंगाची टेकडी सरली, तर पलीकडं नुसतं पाणी. आकाशाला लागलेलं. "रुते, समुद्र बघ, समुद्र!" मी ओरडले, अर्धा डबा उठून बसला. समोरचा गृहस्थ म्हणाला, "समुद्र नहीं, झील है. चिलका." मी म्हटलं असेल. आमच्याकडं एवढ्या पाण्याला तळं म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

बालुगाव

स्टेशनाचं नाव बालुगाव. नावातच गाव आहे म्हटल्यावर परकं वाटलं नाही. उतरलो तर पहिला माशांचा वास. टोपल्या भरून खेकडे, कोळंबी, चकचकीत मासे, आणि बाया ते विकताना आपल्याकडं मेथीच्या जुड्या उडवतात तशा उडवत होत्या. आपल्याकडं जायकवाडीचा मासा येतो शेवगावच्या बाजारात, पण इथं पुढं काय घ्यावं आणि काय सोडावं तेच कळेना.

स्टेशनाजवळ एक खानावळ होती, मागं राहायच्या दोन खोल्या. मालकीणबाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, नवरा सरोवरात होडी घेऊन जाणारा. तिला सगळे 'माउसी' म्हणत होते. मी रुतूला म्हटलं, "बघ, मावशी. बोलून चालून मावशीच निघाली." आणि मी तिला मावशी म्हणायला लागले, तिलाही ते ओळखीचं वाटलं.

पण लगेच घोटाळा झाला. खोलीत पेटी उघडली आणि रुतू किंचाळली, "आई!" मावशी धावत आली, माझ्याकडं बोट दाखवून रुतूला विचारते, "ये तेरा आई है? मा कहाँ है?" रुतू म्हणते, "यही आई है." मावशी म्हणते, "आई समझ गया, मा कहाँ?" दोघींचं चाललंय, आणि मी मधे. शेवटी कळलं, त्यांच्या भाषेत आई म्हणजे आजी! आईची आई. वर माझ्या हनुवटीवर गोंदण, आणि तिकडं गोंदण म्हणे आता म्हाताऱ्या बायांच्याच तोंडावर दिसतं. बेचाळिशीत मला आजी केलं. मी रागावणार होते, पण मावशीच इतकी हसली की पदर सावरेना, आणि मग मी पण.

किंचाळायचं कारण वेगळंच होतं. चटणीचं तेल बाटलीतून झिरपून पेटीत पसरलं होतं. नौदलाला लागणारे सगळे कपडे पांढरे, आणि पांढऱ्या सदऱ्यावर तांबडं तेल. दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं. रुतूच्या तोंडचं पाणी पळालं. ती पेटीपाशी फतकल मारून बसली आणि म्हणाली, "हा सगळा अपशकुनच चाललाय."

"शकुन गेला चुलीत," मी म्हटलं आणि पदर खोचला. मावशीनं लिंबं आणून दिली, मी ती डागांवर चोळून कपडे उन्हात टाकले, मग साबण, मग परत लिंबू. मावशी ऊन बघत होती आणि मी डाग. वाळल्यावर तिनं भाताची पेज गाळून खळ करून दिली. आपल्याकडं धोतराला करतात तशीच. संध्याकाळी सदरे असे कडक झाले की आपले आपण उभे राहतील. मावशीनं पैशाचं नाव काढू दिलं नाही. म्हणाली, "तुमारा झिअ, मेरा झिअ." झिअ म्हणजे लेक.

जेवायला पखाळ दिला. भात रात्रभर पाण्यात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या आंबूस पाण्यासकट खायचा, सोबत तळलेला मासा आणि कांदा. आपल्याकडं शिळ्या भाकरीचा ताकात काला करतो, तसंच की. पण पहिला घास घेतला तेव्हा मी मनात म्हटलं, भातालासुद्धा इथं पोहायला लावलंय. रुतू दोनदा वाढून घेऊन जेवली. मला बरं वाटलं. जिथलं अन्न गोड लागतं तिथं माणूस टिकतं.

फाटक

दुसऱ्या दिवशी नौदलाच्या फाटकाशी गर्दी होती. हरियाणा, राजस्थान, केरळ, कुठकुठली पोरं, कुठकुठले आईबाप, आणि सगळ्यांच्या हातात पेट्या. आमच्या शेजारी हरियाणाचा एक बाप उभा होता, त्याचा मुलगा पण हजर व्हायला आलेला. बोलता बोलता तिटीचा विषय निघाला. त्यानं रुतूचा हात बघितला आणि हळू आवाजात युक्ती सांगितली, "बोलना, तिल है. इतना सा तो है. कौन देखता है?"

खरं सांगते, मोह झाला. तीट आणि तीळ, एका अक्षराचा तर फरक. मोहरीएवढा ठिपका. रुतूनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "तीळ म्हनायचं न्हाई. इचारलं तर गोंदन म्हन. लपवून आत गेलीस तर जन्मभर बाही खाली वढत बसशील."

"आणि परत पाठवलं तर?"

"तर गावात मी तुझा हात वर धरून चालंन. बघू कोन काय म्हनतंय."

तेवढ्यात नावं पुकारली. फाटकावरच्या जवानानं मला अडवलं, "माताजी, बस यहीं तक." रुतूनं पाया पडायला वाकायचं केलं, मी तिला धरून उभी केली. जवळ घेतलं. तिच्या केसांना घरच्या तेलाचा वास येत होता. मग ती पेटी उचलून आत गेली आणि वळणावर झाडांमागं दिसेनाशी झाली. तिथं मात्र मी मोठ्यानं खाकरले. जवान दचकला.

परत जायची माझी गाडी दोन दिवसांनी होती. मुद्दाम तशी काढली होती, मेडिकलचा निकाल लागेस्तोवर. ज्यांची पोरं बाद होतात ती पेटी घेऊन त्याच फाटकानं बाहेर येतात. म्हणून आईबाप समोरच्या झाडाखाली बसून असतात. कुणी कुणाशी फार बोलत नाही. फाटक उघडलं की सगळ्यांच्या माना वर, आणि आपलं नाही म्हटल्यावर खाली. असलं बसणं वैऱ्यावर येऊ नये.

संध्याकाळी रुतूचा फोन आला. मेडिकल होईपर्यंत थोडा वेळ फोन देतात. म्हणाली, "डॉक्टरबाईंनी इचारलं, हे काय. मी गोंदन म्हणाले. त्यांनी तुळस बघितली, ठीक म्हणाल्या. तिटीवर थांबल्या. म्हणाल्या, परवा मोठे साहेब बघतील."

"मग बघू दे की. डोळे हायेत त्यांना," मी म्हटलं. फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी हरियाणावाल्याचा मुलगा बाहेर आला. कानात काहीतरी निघालं म्हणे. उंचापुरा गडी, पण मान खाली घालून चालत आला आणि बापासमोर उभा राहिला. मला वाटलं, आता बाप बोलेल. बापानं त्याच्या हातातली पेटी घेतली आणि म्हणाला, "चल, भूख लगी होगी." एवढंच. दोघं रस्त्यानं चालत गेले. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. तात्यांसारखे दहा जण या एका बापाच्या पेटीवरून ओवाळून टाकावेत.

बेटावर

मी तोंडात घास घालेना तेव्हा मावशीनं मला हाताला धरून उठवलं आणि नवऱ्याच्या होडीत बसवलं. सरोवराच्या मधे एक बेट आहे, त्यावर कालीजाई देवी. तिला नवस बोलल्याशिवाय नावाडी पाण्यात जात नाहीत. "माँग लो, झिअ के लिए," मावशी म्हणाली.

पाण्यावर बसायची माझी पहिलीच खेप. होडी हलली की मी मावशीचा दंड धरायची आणि मावशी हसायची. पाणी कुठं हिरवं, कुठं करडं, आणि त्यावर पांढरे पक्षी इतके की बाजरी सांडल्यासारखे. वारा खारट. मला सारखं वाटत होतं, हेच पाणी माझ्या लेकीच्या वाट्याला येणार, आणि येऊ दे असंही वाटत होतं. जे आमच्याकडं कधी आलं नाही ते तिनं जाऊन घ्यावं.

होडीत मावशीनं देवीची गोष्ट सांगितली. जाई नावाची एक मुलगी होती. बापानं तिचं लग्न सरोवराच्या पलीकडं ठरवलं. तो तिला होडीत घालून सासरी पोचवायला निघाला, ती रडत होती. मधेच वादळ आलं, होडी उलटली. बाप वाचला, नावाडी वाचले, पोरगी तेवढी बुडाली. मग तिची हाक लोकांना पाण्यावरून ऐकू यायला लागली, म्हणून तिचं देऊळ बांधलं. आता तिला बांगड्या वाहतात.

देवळात बायांची गर्दी होती. सगळ्यांनी हात जोडलेले, डोळे मिटलेले. माझे काही मिटेनात. मी त्या देवीकडं बघत राहिले. म्हटलं, बाई, सगळे वाचले आणि तूच कशी बुडालीस? तुला कुणी पोहायला शिकवलं नव्हतं म्हणून. सासरी कसं नांदायचं ते सगळं शिकवलं असेल, हातपाय मारायला कुणी शिकवलं नाही. आणि मेल्यावर देऊळ बांधलं. आमच्या लोकांचं पण हेच आहे. मेलेल्या पोरीला देवी करतील, जिवंत पोरीला विहिरीत उतरू देणार नाहीत.

मावशीनं कोपरानं ढोसलं, "माँगा?"

"हो," म्हटलं. मागितलं काहीच नाही. तिच्याकडं काय मागायचं? तिलाच कुणी काही दिलं नाही. मी बांगड्या वाहिल्या, तिच्या पायाशी डोकं टेकवलं, आणि मनात म्हटलं, माझीला येतं पोहायला. तू आता निवांत राहा.

शेवटची सकाळ

माझी गाडी संध्याकाळची होती. सकाळी मावशीच्या मागच्या अंगणात मी भांडी घासायला बसले होते, बसून राहणं जमत नाही म्हणून. फोन वाजला. अनोळखी नंबर.

"आई, झालं. घेतलं मला."

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. मावशी हातातला झारा घेऊन बाहेर आली एवढं आठवतं. "कसं? काय म्हनाले साहेब?"

"साहेबांनी पहिल्यांदा हात वाकवून बघितला, तर तीट कोपराच्या वर. मग म्हणाले, सावधान. मी सावधान उभी राहिले, हात सरळ. तर ती बरोबर कोपराच्या घडीत आली, वर न्हाईच. गोंदताना आत्यानं माझा हात वाकवून धरला हुता ना. ते म्हणाले, बस, सरळ हातावरच मोजतात. लिहून टाका, फिट."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. इतके दिवस अडवून धरलेलं. आक्काला कसं सांगू, तात्यांना कसं सांगू, स्टँडवर उतरल्यावर पहिलं काय बोलू, सगळं एकदम डोक्यात आलं. मी बोलतच सुटले. आणि मग ध्यानात आलं, तिकडून आवाज येत नाही.

"रुते?"

"आई." आवाज एकदम बारीक. "तू कुठं हायस?"

"का गं?"

"केस कापले माझे. मानेपर्यंत. हितं सगळे वरडत्यात. रात्री एक पोरगी रडत हुती, मग मी पण रडले. मला न्हाई जमायचं आई. आज ज्याला परत जायचं त्याला जाता येतं म्हणं. तू बालुगावातच हायस ना? फाटकाशी ये. मी येते तुझ्याबरूबर."

मी उठून उभी राहिले होते. पायात चपला कधी घातल्या ते कळलं नाही. रिक्षा बाहेरच उभी असते. फाटक काही लांब नाही. माझी पोर तिथं उभी आहे, केस कापलेली, आणि मला बोलावते. सगळ्या गावाशी भांडले, तात्यांशी भांडले, पण आता भांडायचं ते माझ्याच पायांशी होतं. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि मोकळा हात भिंतीवर दाबून धरला.

"मी गाडीत बसले बाय," मी म्हटलं. "सकाळचीच मिळाली. लई लांब आले."

तेवढ्यात मावशीचा कोंबडा कुंपणावर चढला, आणि त्यानं अशी बांग दिली की माझ्याच कानाला दडे बसले.

"आई, कोंबडा आरवला."

"डब्यात हाय. एका बाईनं आनलाय. टोपलीत."

कोंबडा पुन्हा आरवला. मावशी त्याच्यामागं झारा घेऊन धावली, तो आणखीनच ओरडायला लागला.

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मागं कुणीतरी हिंदीत रांगेत उभं राहायला ओरडत होतं.

"त्याचं तिकीट काढलंय का इचार त्या बाईला," रुतू म्हणाली. "आन् नीट जा."

फोन तिनंच ठेवला.